एडवर्ड हार्लंड यांचे आत्मकथन आणि बेलफास्टचा जहाजबांधणी उद्योग

व्हिक्टोरियाकालीन उद्योजकांची आत्मकथने इतिहासाचे साधन म्हणून वापरताना ती कोणत्या चौकटीत प्रसिद्ध झाली, हे प्रथम पाहावे लागते. बेलफास्टचे जहाजबांधणी उद्योजक एडवर्ड जेम्स हार्लंड (१८३१–१८९५) यांचे आत्मकथन सॅम्युएल स्माइल्स यांच्या १८८४ मधील ‘मेन ऑफ इन्व्हेन्शन अँड इंडस्ट्री’ या ग्रंथातील एक प्रकरण म्हणून वाचकांसमोर आले. स्माइल्स हे ‘सेल्फ-हेल्प’चे (१८५९) कर्ते. साहजिकच चिकाटी आणि स्वावलंबन ही या कथनाची मुख्य सूत्रे ठरली.

हार्लंड यांचा जन्म स्कारबरो येथे झाला. त्यांचे वडील व्यवसायाने वैद्य होते, परंतु त्यांना यंत्रांचा छंद होता. वाफेच्या गाडीची एक रचनाही त्यांनी केली होती. न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात उमेदवारी करीत असतानाच हार्लंड यांनी धातूच्या जीवरक्षक नौकेचा नमुना तयार करून स्पर्धेसाठी पाठविला. पारितोषिक मिळाले नाही. तथापि आकार आणि बळकटी यांच्या संबंधाचा जो विचार पुढे त्यांच्या कीर्तीला कारण झाला, त्याची पूर्वतयारी येथे दिसते.

१८५४ मध्ये ते बेलफास्टमधील रॉबर्ट हिक्सन यांच्या गोदीचे व्यवस्थापक झाले. कडक शिस्त, कामगारांचा विरोध आणि मालकाची आर्थिक ओढाताण यांचे कथनातील वर्णन जिवंत आहे, परंतु ते व्यवस्थापकाच्या बाजूने केलेले आहे. १८५८ मध्ये त्यांनी ही गोदी ५,००० पौंडांना विकत घेतली. या व्यवहारामागे लिव्हरपूलचे व्यापारी गुस्टाव्ह श्वाबे यांचे पाठबळ होते, आणि १८६१ मध्ये भागीदार झालेले गुस्टाव्ह वुल्फ हे श्वाबे यांचेच भाचे. स्वावलंबनाच्या आदर्शामागे नातेसंबंध आणि भांडवल यांचे असे जाळे होते. गोदीची भूमी, क्वीन्स आयलंड, हीसुद्धा लॅगन नदीचे पात्र सरळ करताना काढलेल्या गाळातून निर्माण झाली होती. म्हणजे उद्योगाचा पाया सार्वजनिक खर्चाने आधीच घातला गेला होता.

आत्मकथनाचा सर्वांत मोलाचा भाग तांत्रिक आहे. बिबी कंपनीसाठी बांधलेल्या पहिल्या जहाजांची लांबी २७० फूट व रुंदी ३४ फूट होती. पुढील जहाजांत रुंदी तीच ठेवून लांबी ३१० फूट करण्यात आली. वरचा डेक लोखंडी केल्यामुळे संपूर्ण सांगाडा पेटीसारख्या तुळईप्रमाणे ताण सहन करू लागला. इंजिनाची शक्ती फारशी न वाढविता अधिक माल नेता येऊ लागला. नाविकांनी या लांबट जहाजांना ‘बिबींच्या शवपेट्या’ म्हणून हिणविले. मालकांनी मात्र मागणी वाढविली. व्हाइट स्टार कंपनीचे ‘ओशिॲनिक’ (१८७०) याच तत्त्वाचा विस्तार होय. ज्या शहराला कोळसा आणि लोखंड समुद्रापलीकडून आणावे लागत होते, तेथे हे घडले, याचा हार्लंड यांना वाटणारा अभिमान अनाठायी नाही.

कामगार मात्र या कथनात बहुधा अडथळा किंवा हात म्हणूनच येतात. ते कोणत्या वस्तीतून, कोणत्या पंथातून येत होते, याकडे लेखकाचे लक्ष नाही. १८८६ मध्ये आयरिश स्वराज्याच्या विधेयकावरून बेलफास्ट पेटले, तेव्हा हार्लंड स्वतः महापौर होते. ४ जून रोजी क्वीन्स आयलंडवरील कामगारांच्या जमावाने जवळच्या अलेक्झांड्रा डॉकवरील कॅथलिक मजुरांवर हल्ला केला. एक तरुण पाण्यात बुडून मरण पावला. आत्मकथन त्यापूर्वीच छापून झाले होते. गोदीच्या या दुसऱ्या बाजूचा शोध दंगलीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोरील साक्षींत घ्यावा लागतो.