एकेका डॉलरची शिष्यवृत्ती

दरवर्षी मे महिना उजाडला की अमेरिकेतील गावोगावच्या वर्तमानपत्रांत हायस्कूल संपविणाऱ्या मुलामुलींचे फोटो छापून येतात. खाली मुलाचे नाव, शाळा, पुढे कोणत्या कॉलेजात जाणार आणि कोणत्या निधीतून किती डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, एवढाच मजकूर असतो. कुणाला पाचशे डॉलर, कुणाला दोन हजार. नातवंडे त्या वयाची होऊ लागल्यापासून आम्ही वडीलधारी मंडळी ही पाने चष्मा लावून वाचू लागलो आहोत. यांतल्या पुष्कळशा रकमा त्या त्या गावातल्या लोकांनीच जमविलेल्या असतात. ही चाल कशी पडली याचा थोडा इतिहास समाजबांधव आणि भगिनींपुढे ठेवावा, म्हणून वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हा लेखनप्रपंच.

आरंभ झाला ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात. तेथील एका बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न होता. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात धर्मादाय रक्कम ठेवून जात. पण ज्या कामासाठी ती ठेवली, ते कामच काळाच्या ओघात नाहीसे होई. सेंट लुईसचे ब्रायन मलनफी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब वाटसरूंसाठी त्यांनी मोठी इस्टेट ठेवली होती. पुढे आगगाड्या आल्या, बैलगाड्यांचे तांडे थांबले, आणि पैसा मात्र पडून राहिला. गॉफ यांनी १९१४ मध्ये क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन केले. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या एकत्र ठेवायच्या, मुद्दल सांभाळायचे, उत्पन्न त्याच शहरासाठी वापरायचे आणि गरज बदलली तर खर्चाची दिशा बदलण्याचा अधिकार नागरिकांच्या समितीला द्यायचा, अशी ती योजना. पुढच्याच वर्षी बोस्टन आणि शिकागोने तिचे अनुकरण केले. आज अमेरिकेत अशी सातशेहून अधिक कम्युनिटी फाउंडेशन्स आहेत आणि स्थानिक मुलांच्या शिष्यवृत्त्या हे त्यांपैकी अनेकांचे नेहमीचे काम आहे.

पण मुद्दल ठेवायला मुळात कुणाकडे तरी पैसा हवा. ज्या गावात श्रीमंत फारसे उरलेच नाहीत, त्याने काय करावे? याचे उत्तर मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या गावाने दिले, आणि हे गाव आपल्या मुंबईकरांना लगेच ओळखीचे वाटेल. लालबाग-परळसारखे तेही कापड गिरण्यांचे. ग्रॅनाइटच्या दगडात बांधलेल्या त्या गिरण्यांमुळे एके काळी ते अमेरिकेत सुती कापडाचे अग्रगण्य केंद्र होते. १९२० नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९३१ मध्ये तर नगरपालिकेचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि तिचा आर्थिक कारभार राज्याने नेमलेल्या मंडळाकडे गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गिरणी कामगाराच्या हुशार मुलाची अडचण समजावून सांगायला नको.

याच गावात डॉ. अर्विंग फ्रॅडकिन हे डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करीत. रशियातून आलेल्या ज्यू बेकरचे ते चिरंजीव. दुकानात येणाऱ्या मुलांना ते विचारीत, पुढे काय शिकणार? पैशांअभावी काही नाही, हे उत्तर त्यांना वारंवार ऐकू येई. १९५७ मध्ये ते शालेय समितीच्या निवडणुकीला उभे राहिले; शिष्यवृत्त्या सुरू करू, असे त्यांचे आश्वासन होते. निवडणूक ते हरले. पण पद नाही म्हणून आश्वासन सोडून द्यावे, हे त्यांना पटले नाही. गावाची वस्ती लाखाच्या आसपास होती. प्रत्येकाने एक डॉलर दिला तरी गावातील मुले कॉलेजात जातील, असे ते म्हणू लागले आणि १९५८ मध्ये पहिल्या शिष्यवृत्त्या वाटल्या गेल्या. ‘डॉलर्स फॉर स्कॉलर्स’ हे नाव त्यातूनच आले.

ते वर्षही लक्षात घेण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि शिक्षणात आपण मागे पडू, ही धास्ती अमेरिकेत पसरली. १९५८ च्या कायद्याने केंद्र सरकारने विद्यार्थ्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली. गरजू विद्यार्थ्यांना परत न करावी लागणारी मदत, जिला आज पेल ग्रँट म्हणतात, ती १९७२ च्या कायद्याने आली. म्हणजे सरकारी मदतीची घडी बसण्यापूर्वीच एका पडत्या गावाने आपली व्यवस्था आपण लावली होती. शेजारच्या गावांनी ती उचलली, १९६१ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि २००३ पासून ती ‘स्कॉलरशिप अमेरिका’ या नावाने ओळखली जाते. फ्रॅडकिन २०१६ मध्ये ९५ व्या वर्षी वारले, तोपर्यंत संस्थेमार्फत वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत पोहोचली होती.

आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. हाईम शमुएल केहीमकर यांनी १८५३ मध्ये मुंबईत शिक्षणप्रसारासाठी बेने इस्राएल मंडळी काढली आणि १८७५ मध्ये शाळा उघडली. तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने साहाय्य केले. पुढे माझगावच्या त्या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव लागले. पण आपल्या घराघरांत ती ‘इस्रायली शाळा’च राहिली. डॉ. जेरुशा झिराड पुढील शिक्षणासाठी लंडनला गेल्या त्या प्रथम टाटांच्या निधीतून कर्जाऊ मिळालेल्या रकमेवर. नंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९१९ मध्ये त्या एम.डी. झाल्या. कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदावरून त्यांनी किती बायकांची बाळंतपणे सुखरूप केली, किती डॉक्टर आणि नर्सेस घडविल्या, याची मोजदाद कोण करणार? १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेळेवर मिळालेल्या एका रकमेचे मोल असे असते.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेल्या मुलीही कुणाच्या तरी पैशावरच शिकलो. हॉस्टेलची खोली, जेवण आणि महिन्याचे थोडे विद्यावेतन हॉस्पिटल देई. त्यातले चार पैसे आम्ही घरी धाडीत असू. तेव्हा त्याला कुणी शिष्यवृत्ती म्हणत नसे, पण ते नसते तर आमच्यापैकी कितीतरी जणींचे शिक्षण शाळेवरच थांबले असते आणि या देशाचे तोंडही आम्ही पाहिले नसते.

आता थोडे व्यवहाराचे. पुष्कळ मंडळी विचारतात की आपल्या आईवडिलांच्या नावाने असा निधी ठेवता येईल का? येतो. साधारण हिशेब असा की वर्षाला मुद्दलाच्या चार-पाच टक्के रक्कम खर्च करावी. म्हणजे पंचवीस हजार डॉलर ठेवले तर दरवर्षी हजार-बाराशेची एक शिष्यवृत्ती कायम चालते. मात्र २००६ च्या कायद्यानंतर निवड समिती देणगीदाराच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या मुठीत असून चालत नाही. आपल्याच नातवाला देण्याची ही वाट नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. मुलांच्या बाजूने पाहता, फी आणि पुस्तकांवर खर्च झालेल्या शिष्यवृत्तीवर कर नसतो; राहण्याजेवणासाठी वापरलेल्या रकमेवर तो लागू शकतो.

याहून मोठी मेख वेगळीच आहे. गावाने मुलाला हजार डॉलर दिले की काही कॉलेजे स्वतःच्या मदतीतून तेवढेच हजार कापून घेतात. मुलाच्या हाती काहीच वाढत नाही. गावाने दिलेला पैसा कॉलेजच्या तिजोरीत जिरतो. कापायचेच तर कर्ज आधी कापावे, अनुदान नव्हे, हा साधा न्याय आहे. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांवर असे निर्बंध घालणारा पहिला कायदा केला आणि नंतर न्यू जर्सी व कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनीही कायदे केले. म्हणून आईवडिलांनी शिष्यवृत्तीचे पत्र आल्याबरोबर कॉलेजच्या आर्थिक मदत कचेरीला लेखी विचारावे: या रकमेमुळे आमचे काय कमी होणार? विचारण्यात कमीपणा नाही. औषधाची बाटली हाती घेतल्यावर लेबल वाचावे, तसेच हे.

दुसरा प्रश्न निवडीचा. समित्या बहुधा मार्क पाहतात, खेळातली आणि वादविवादातली बक्षिसे पाहतात. पण शाळा सुटल्यावर दुकानात काम करणारी किंवा आजारी आजीचे पाहणारी मुलगी बक्षिसे कोठून आणणार? तिला दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स करायचा असेल, तर मोठ्या कॉलेजात चाललेल्या मुलापुढे तिचा अर्ज फिका दिसतो. गणवेश, बूट, पुस्तके, परीक्षेची फी आणि बसभाडे यांसाठी पाचशे डॉलरही तिला पुरेसे आधार देतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. फ्रॅडकिन यांचा एक डॉलर अशाच घरांसाठी होता.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांची मुले आज स्थिरस्थावर झाली आहेत. आपल्या सिनेगॉगच्या आसपासच्या सरकारी हायस्कूलमध्ये मात्र नव्याने आलेल्या कितीतरी देशांची मुले शिकतात, आणि त्यांचे आईवडील आज तिथे उभे आहेत जिथे आपण कधी काळी होतो. सणासुदीला आपण जे दान बाजूला काढतो, त्यातला एक वाटा दरवर्षी या शाळेतील एका गरजू मुलासाठी ठेवावा, तो कोणत्याही धर्माचा असो. आणि निवड करताना शाळेतील समुपदेशकांचे मत अवश्य घ्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड मात्र पडू नये. विश्वस्त मंडळींनी आणि समाजातील थोरामोठ्यांनी यावर विचार करावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.