बांधावर टाकलेली पुडी

श्रोतेहो, आज मी आपल्याला एका लहानशा पुडीची हकीकत सांगणार आहे. मंगरूळपीर तालुक्यात ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी कपाशी लावली असेल, त्यांना ही पुडी आठवेल. बीटी कपाशीच्या पाकिटात ४५० ग्रॅम सरकी असे आणि तिच्यासोबत १२० ग्रॅमची दुसरी पुडी, बिगर-बीटी बियाण्याची. हे बी शेताच्या चहूबाजूंनी पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्यात, लावावयाचे होते. प्रत्यक्षात कोणी ती पुडी बांधावर टाकली, तर कोणी नांग्या भरायला वापरली.

ती पुडी होती कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९०१ साली जपानात मेलेल्या रेशीमकिड्यांत एक जंतू सापडला. त्याने तयार केलेले प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते. माणसाला किंवा गुराला ते तसे बाधत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी त्या जंतूतील जनुक कपाशीत घातले. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे हिरवी बोंडअळी औषधांना दाद देईना, फवारण्यांवर फवारण्या होऊ लागल्या. अशा वेळी, २६ मार्च २००२ रोजी, देशात बीटी कपाशीच्या पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. हिरवी अळी खरोखरच आटोक्यात आली. शेतकऱ्याने हे बियाणे उगाच नाही उचलले.

पण हजारो-लाखो अळ्यांत एखादी अशी निपजते की तिला हे विष बाधत नाही. सगळे रान बीटीचे असले की बाकीच्या मरतात आणि ही तेवढी उरते. तिचा पतंग होतो. त्याला जोडीदार मिळतो तोही असाच वाचलेला. मग सगळी संततीच विष पचविणारी. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असल्या तर तिथे साध्या अळ्या सुखाने वाढतात, त्यांचे पतंग शेकड्यांनी उडतात आणि त्या एकट्यादुकट्या चिवट पतंगाची सोयरीक साध्याच घरी होते. त्यांची पिल्ले बहुधा बीटीवर मरतात. म्हणजे चार ओळी अळीला चारायच्या, त्या बाकीचे शेत राखण्यासाठी! हे कोणी नीट समजावून सांगितले असते तर किती पुड्या वाचल्या असत्या, असे माझ्या मनात पुष्कळदा येते.

हिरव्या अळीला तूर चालते, हरभरा चालतो. तिला आसरा आपोआप मिळाला. गुलाबी अळीचे तसे नाही. ती जवळजवळ कपाशीवरच जगते. ही अळी काही परकी नव्हे बरे का! सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते आपल्या शेजारच्या भडोचच्या कपाशीतल्या नमुन्यांवरूनच. त्याच गुजरातेत एका जनुकाच्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे तिने दुसरे जनुकही पचविले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाची बोंडे आतून पोखरली गेली. वरून हिरवेगार बोंड, फोडावे तर आत कवडी आणि किडकी सरकी! त्याच खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले.

दोष सगळा शेतकऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. पाच एकरवाल्याला एक एकर अळीसाठी सोड म्हणणे सोपे आहे. शिवाय त्या पुडीतल्या बियाण्याची उगवण कित्येकदा कमी भरे. आपल्याकडचे वाण लांब मुदतीचे, आणि त्यावर फरदडीचा मोह. अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत घर मिळाले.

तिकडे अमेरिकेच्या ॲरिझोनात १९९६ पासून हीच अळी आणि हेच जनुक होते. तिथे आसऱ्याच्या ओळी पाळल्या गेल्या, २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचे जाहीर झाले. आता म्हणाल, ते मोठे शेतकरी. पण चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातले शेतकरी लहानच. त्यांनी संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बी पेरले; त्यात चौथा हिस्सा झाडे बिगर-बीटी निघाली आणि अळीचा चिवटपणा ओसरला. मक्याचीही हीच कथा: अमेरिकेत मुळे खाणारी कीड बीटी मक्याला सरावली. आपल्याकडे असा मका लावायला परवानगी नाही.

वाशीम जिल्ह्यात आज सोयाबीनचा पेरा कपाशीहून कितीतरी मोठा आहे. तरी कपाशी आहे तिथे अळी आहे. आता बिगर-बीटी दाणे पाकिटातच मिसळून देतात, पुडी फेकायचा प्रश्नच राहिला नाही. पण फरदड कोणी मिसळून देत नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे आपल्याच हाती आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की उपायाची वेळ आली समजावे. ही मोजणी वहीत टिपून ठेवायला सातवी-आठवीची मुले पुरेशी आहेत. गुरुजींनी सोबत वीस हिरवी बोंडे फोडून दाखवावीत. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, की त्या हलकेच उकलाव्यात. बहुधा आत अळी झोपलेली असते.