विजेता ठरवला कुणी?

मित्रांनो, संशोधन सुरू करताना हर्मान लांगची गोष्ट लक्षात ठेवा. १९३४ साली तो मर्सिडीजच्या रेसिंग विभागात मेकॅनिक होता; पुढच्याच वर्षी ड्रायव्हर झाला. १९३९ मध्ये त्याने बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या ग्रां प्री जिंकल्या. सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने युरोपचा विजेता जाहीरच केला नाही. जर्मनीतल्या नाझी मोटार संघटनेने मात्र लांगला विजेता ठरवून टाकलं. आधीच्या वर्षांची गुणपद्धत लावली, तर ऑटो युनियनचा हर्मान म्युलर पुढे निघतो! लांग कसलेला ड्रायव्हर होता, यात वाद नाही. १९५२ ची ल माँची २४ तासांची शर्यत त्याने फ्रिट्झ रीससोबत जिंकली. पण त्याने १९३९ चा प्रश्न सुटत नाही. तुमच्या प्रबंधात 'पहिला', 'विजेता' असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: हे ठरवलं कुणी, आणि कोणत्या नियमाने?