लंगकावीच्या बेटांकडे जेट स्कीने

मलेशियाच्या वायव्य टोकाला, थायलंडच्या सागरी सीमेला खेटून, अंदमान समुद्र आणि मलाक्काची सामुद्रधुनी जिथे एकमेकांना भेटतात तिथे लंगकावी हा द्वीपसमूह पसरला आहे. केडा राज्यात मोडणाऱ्या या समूहात ९९ बेटे असल्याचे सांगितले जाते. ओहोटीच्या वेळी आणखी काही खडक पाण्याबाहेर डोके काढतात आणि ही संख्या शंभरी ओलांडते. १९८७ मध्ये मलेशिया सरकारने लंगकावीला करमुक्त बेटाचा दर्जा दिला आणि भातशेती व मासेमारीवर जगणाऱ्या या बेटाचे रूप पालटले. २००७ मध्ये युनेस्कोच्या पाठबळावर चालणाऱ्या जागतिक भू-उद्यानांच्या जाळ्यात लंगकावीचा समावेश झाला. आग्नेय आशियातील ते पहिले भू-उद्यान होय.

मुंबई-पुण्याहून मलेशियाला जाणारे बहुतेक पर्यटक क्वालालंपूरनंतर दोन-तीन दिवस लंगकावीसाठी राखून ठेवतात. इथली बेटे पाहण्याचा रूढ मार्ग म्हणजे दहा-बारा जणांना घेऊन जाणारी मोटरबोट. त्याच जोडीला मार्गदर्शकासह जेट स्कीवरून बेटे पाहण्याची सफरही इथे चांगलीच लोकप्रिय झाली आहे. स्वतः यंत्र चालवत समुद्र ओलांडण्याचा हा अनुभव विलक्षण असला, तरी त्यातील धोके मोटरबोटीपेक्षा निराळे आहेत. म्हणूनच नाव नोंदवण्यापूर्वी या सफरीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

सफरीचे स्वरूप

मुख्य बेटाच्या नैर्ऋत्येला असलेला पान्ताई चेनांग हा लंगकावीतील सर्वांत गजबजलेला किनारा. बहुतेक सफरी येथून आणि आसपासच्या किनाऱ्यावरून निघतात. साधारणतः अर्ध्या दिवसाचा हा कार्यक्रम असतो. प्रारंभी मार्गदर्शक यंत्राची ओळख करून देतो, हाताच्या खुणा शिकवतो आणि किनाऱ्याजवळ थोडा सराव करून घेतो. त्यानंतर तो स्वतः पुढे राहतो आणि बाकीचे त्याच्यामागून ठरावीक अंतर राखून एका रांगेत जातात. एका जेट स्कीवर दोघांना बसता येते. चालवणारा आणि मागे बसणारा यांना वाटेतल्या थांब्यावर जागा बदलता येतात. मार्गदर्शक सोबत असल्यामुळे पर्यटकाकडे परवान्याची अपेक्षा केली जात नाही. परवाना लागत नाही म्हणजे कौशल्य लागत नाही, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

लहान-मोठ्या बेटांना वळसा घालत, एखाद्या निवांत खाडीत विसावा घेत ही रांग दक्षिणेकडील दायांग बुंटिंग या बेटावर पोहोचते. सफरीचा मुख्य पडाव हाच.

गर्भवती स्त्रीचे बेट

मलय भाषेत दायांग म्हणजे तरुणी आणि बुंटिंग म्हणजे गर्भवती. समुद्रातून पाहिले असता या बेटावरील डोंगररांग उताण्या झोपलेल्या गर्भवतीसारखी दिसते, म्हणून हे नाव पडले. लंगकावीतील हे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. इथल्या चुनखडीत कधीकाळी तप्त ग्रॅनाइट घुसला आणि त्या उष्णतेने चुनखडीचा संगमरवर झाला. पावसाच्या पाण्याने हा खडक विरघळत जातो, आत गुहा कोरल्या जातात आणि काही वेळा गुहेचे छप्पर कोसळते. अशाच कोसळलेल्या गुहेच्या जागी गोड्या पाण्याचे सरोवर तयार झाले आहे. लंगकावीतील या सर्वांत मोठ्या सरोवराचे पाणी आणि खारा समुद्र यांच्यामध्ये खडकाची केवळ एक अरुंद भिंत उभी आहे.

सरोवराशी एक लोककथा निगडित आहे. माम्बांग सारी नावाची परी मात तेजा या मानवी तरुणाच्या प्रेमात पडली. त्यांना झालेले बाळ जन्मानंतर लवकरच दगावले. शोकाकुल मातेने ते बाळ याच सरोवराच्या स्वाधीन केले आणि या पाण्याचा स्पर्श होणाऱ्या निःसंतान स्त्रियांना अपत्यप्राप्ती होईल, असा आशीर्वाद दिला, असे सांगतात. त्या श्रद्धेपोटी आजही जोडपी येथे येतात.

धक्क्यावर उतरल्यावर पायऱ्यांच्या वाटेने थोडे चालून सरोवरापाशी जावे लागते. वाटेत लांब शेपटीच्या माकडांचा सुळसुळाट असतो. खाद्यपदार्थ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ती हातातून हिसकावून नेतात. त्यामुळे असे काही सोबत न नेणेच श्रेयस्कर. सरोवरात उतरणाऱ्याने, उत्तम पोहता येत असले तरी, लाइफ जॅकेट काढू नये.

यंत्राचा स्वभाव

'जेट स्की' हे वस्तुतः जपानच्या कावासाकी कंपनीचे व्यापारनाम आहे. क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटारसायकल शर्यतपटूच्या कल्पनेतून साकारलेले वाहन या कंपनीने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आणले. ते उभ्याने चालवावे लागे. बसून चालवण्याची वाहने पुढे रूढ झाली आणि सगळ्याच कंपन्यांच्या वाहनांना लोक जेट स्की म्हणू लागले.

दिसायला ती स्कूटरसारखी असली तरी तिचे कार्य वेगळ्या तत्त्वावर चालते. तळाशी असलेल्या तोंडातून पाणी आत ओढले जाते, फिरत्या पात्यांमुळे त्याला जोर मिळतो आणि मागच्या नळीतून ते वेगाने बाहेर फेकले जाते. या झोताच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे सरकते. हँडल वळवले की ही मागची नळी वळते, झोताची दिशा बदलते आणि वाहन वळते.

नवख्यांच्या अपघातांचे एक प्रमुख कारण याच रचनेत दडलेले आहे. समोर अडथळा दिसला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. रस्त्यावर हे योग्य असेल; पाण्यावर मात्र थ्रॉटल सोडताच झोत क्षीण होतो आणि झोत नाही तर वळणही नाही. हँडल पूर्ण वळवूनही जेट स्की सरळ अडथळ्याच्या दिशेने घसरत राहते. अलीकडच्या काही नमुन्यांत ब्रेकची सोय आहे, परंतु भाड्याच्या प्रत्येक वाहनात ती असेलच असे नाही. वळायचे असेल तर थ्रॉटल थोडा दाबलेला ठेवावा लागतो, ही गोष्ट सरावाच्या वेळी स्वतः करून पाहावी. त्याहून उत्तम म्हणजे मुळात इतके अंतर राखावे, की असा प्रसंगच उद्भवू नये.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनगटाला अथवा लाइफ जॅकेटला अडकवायची दोरी. तिचे दुसरे टोक इंजिनच्या कळीला जोडलेले असते. चालक पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, इंजिन बंद होते आणि जेट स्की जवळच थांबते. दोरी न बांधता निघणारा चालक वाहनही गमावतो आणि इतरांचा जीवही धोक्यात घालतो. पाण्यात पडल्यास इंजिन बंद असल्याची खात्री करून मागील बाजूने वर चढावे. जेट स्की उलटली असेल, तर ती कोणत्या बाजूने सरळ करायची याची खूण मागे चिकटवलेली असते; विरुद्ध बाजूने फिरवल्यास इंजिनात पाणी जाऊ शकते.

मागे बसणाऱ्याने चालकाला घट्ट धरावे. अचानक वेग घेतल्यावर तो मागे फेकला गेला, तर पाण्याच्या जोरदार झोताने शरीरात गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते. याच कारणासाठी उत्पादक साध्या पोहण्याच्या कपड्यांऐवजी जाड रबरी पोशाख घालण्याची सूचना करतात.

समुद्रावरील वाहतूक

भारताप्रमाणेच मलेशियातही रस्त्यावर वाहने डावीकडून चालतात. समुद्रावरील आंतरराष्ट्रीय नियम याच्या नेमका उलटा आहे. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या, तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचे असते. आयुष्यभर डावीकडे सरकण्याची सवय जडलेल्या आपल्या पर्यटकाने हा नियम मनावर ठसवूनच निघावे. आडव्या येणाऱ्या नौकांपैकी जिला दुसरी नौका आपल्या उजव्या हाताला दिसते, तिने वाट द्यावी. पुढच्याला मागे टाकणाऱ्याने त्याच्यापासून सुरक्षित अंतर राखावे. शिडाच्या नौकांना आणि जाळी टाकलेल्या मच्छीमारांना नेहमीच वाट द्यावी. एखाद्या मोटरबोटीमागे उठणाऱ्या लाटांवर उड्या मारण्याचा मोह टाळावा. त्या बोटीआडून येणारे दुसरे वाहन दिसत नाही. वेगाने लाटेवर आपटल्यास मणक्याला इजा होते. गर्भवती, पाठीचे वा हृदयाचे विकार असलेले आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेले यांनी या सफरीऐवजी मोटरबोट निवडावी. मद्यपान करून निघणे तर सर्वथा वर्ज्य.

ऋतू आणि हवामान

डिसेंबर ते मार्च हा लंगकावीतील कोरडा काळ आणि सफरीसाठी सर्वोत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर असतो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत 'सुमात्रा' नावाने ओळखले जाणारे वादळी पावसाचे पट्टे पहाटे अथवा सकाळी अल्पावधीत चालून येतात. हवा बिघडल्यास सफर पुढे ढकलली जाईल काय आणि पैसे परत मिळतील काय, हे आधीच विचारून घ्यावे. या पाण्यात विषारी जेलीफिश आढळतात. दंश झाल्यास जागा चोळू नये; व्हिनेगर ओतून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

खर्च, करार आणि विमा

सफरीचे शुल्क सहसा माणशी नसून प्रत्येक जेट स्कीमागे आकारले जाते. दोघांत वाटले तरी ते मोटरबोटीच्या फेरीपेक्षा कित्येक पटींनी अधिक भरते. इंधन, सरोवराचे प्रवेशशुल्क आणि पाणी त्यात धरले आहे किंवा कसे, ते विचारावे. निघण्यापूर्वी एका जबाबदारीपत्रावर स्वाक्षरी घेतली जाते. वाहनाचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी आणि किती द्यायची, हा त्यातील मजकूर वाचल्याविना सही करू नये. शेजारच्या थायलंडमधील काही किनाऱ्यांवर जुन्या ओरखड्यांसाठी पर्यटकांकडून पैसे उकळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे गाजल्या आहेत. तेव्हा कुठेही असा, वाहनाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवणे हिताचे. मूळ पारपत्र अनामत म्हणून कोणाच्याही हाती देऊ नये.

प्रवासविम्याच्या पुष्कळ योजनांत साहसी जलक्रीडा वगळलेल्या असतात. आपल्या पॉलिसीत जेट स्कीचा समावेश आहे की नाही, हे भारतातून निघण्यापूर्वीच तपासावे. परदेशातील रुग्णालयाचे देयक हा सफरीतील सर्वांत महागडा भाग ठरू शकतो. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत मिळाली. ती मुदतीची असल्याने तिकीट काढताना ताजी स्थिती पाहावी.

निसर्गाचे भान

मलय भाषेत 'हेलांग' म्हणजे गरुड आणि 'कावी' म्हणजे तांबूस तपकिरी. यावरून लंगकावी हे नाव आल्याची लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. आपल्या 'काव' या शब्दाची सहज आठवण व्हावी, असा हा रंग. कुआ शहराच्या बंदराजवळ १२ मीटर उंचीचा जो भव्य गरुड उभा आहे, तो ब्राह्मणी घारीचा पुतळा होय. कोकणातील बंदरांवर घिरट्या घालणारी तीच ही घार. तिला आकर्षित करण्यासाठी पर्यटकांच्या बोटींतून कोंबडीची कातडी समुद्रात टाकण्याची प्रथा पडली होती. त्यामुळे पक्ष्यांची शिकारीची सवय मोडते, असा आक्षेप निसर्ग अभ्यासकांनी घेतला आहे. असे खाद्य टाकण्याचा आग्रह पर्यटकाने तरी धरू नये. कांदळवन आणि उथळ खडकाळ भाग यांच्याजवळ वेग कमी ठेवावा. तळ खरवडला तर यंत्र बिघडते आणि सागरी जीवनाचीही हानी होते.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रात अलिबाग, तारकर्ली आदी किनाऱ्यांवर जेट स्की मिळते, पण ती बहुधा काही मिनिटांच्या फेरीसाठी. अशा व्यवसायांना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आवश्यक असते आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जलक्रीडा चालकांना प्रशिक्षण दिले जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर मुंबई बंदराच्या परिसरात नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. रोजच्या सरावाच्या, अवघ्या तासाभराच्या जलप्रवासात हे घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

लंगकावीला जाण्याचा बेत असेल, तर एक सोपा उपाय करता येईल. घरच्या किनाऱ्यावर परवानाधारक चालकाकडे आधी एक छोटी फेरी घ्यावी. वेग, उसळी आणि वळण अंगवळणी पडते काय, हे तेव्हाच कळते. लंगकावीत पोहोचल्यावर सरावाला वेळ न देणारा, दोरी बांधायला न सांगणारा अथवा ढगाळ आकाशाकडे दुर्लक्ष करून निघण्याची घाई करणारा चालक भेटला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. मोटरबोट त्याच सरोवरापर्यंत जाते.