चौकापासून लिंकपर्यंत

डहाणू-तलासरीच्या पाड्यांत आज मोबाइलवर तारपानाच फिरतो, लग्नातला चौक फिरतो, तरुणांनी स्वतः केलेली छोटी फिल्मही फिरते. ही वाट 2005 मध्ये यूट्यूब आल्यावर पडली असे म्हणता येईल. मी मात्र तिचा उगम कुडाच्या भिंतीपाशी शोधतो.

इथल्या वारली आदिवासींच्या लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसते, लग्न लावणारी पुजारीण, धवलेरी, गाते. सांगणारे आणि पाहणारे एकाच अंगणात असतात. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी हे चित्र कागदावर आले. तलासरीतल्या धामणगावात जन्मलेले आणि डहाणूतल्या गंजाडजवळ कळंबीपाड्यात स्थिरावलेले जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढू लागले. त्यांच्या जाळ्यात मासे सळसळतात, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर गरगरतो; कॅमेरा नसताना त्यांनी हालचाल पकडली होती. 1989 मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली. चित्र जगभर गेले, पण ते कुणी, कसे पाहिले हे पाड्यावर क्वचितच परत आले.

माहितीपटांचेही तेच झाले. 1995 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी वारल्यांवर ‘कहनकार : अहंकार’ केला. गोष्ट कोणाची आणि सांगतो कोण, हा त्यातला प्रश्न मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. पण असे चित्रपट बघायचे कुठे? महोत्सवात, फिल्म सोसायटीत, मुंबईतल्या एखाद्या सभागृहात. तिथेही दार अडवले जाई. 2004च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. विरोधामुळे ती मागे घेतली, तरी अनेक चित्रपट नाकारले गेले. तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरवला. परवानगी न मागता आपणच दाखवायचे, ही हिंमत मला पुढच्या साऱ्या संकेतस्थळांची खरी आई वाटते. 2008 मध्ये ‘पॅड.मा’ हे चित्रणसंग्रहाचे संकेतस्थळ सुरू झाले. तिथे तयार चित्रपटांपेक्षा कच्चे चित्रण, त्यावरच्या टिपणांसह, कुणालाही पाहता येते.

तरीही पाड्यापर्यंत हे सगळे पोचायला 2016 नंतरचा स्वस्त डेटा लागला. मग मात्र सांगणारा आणि पाहणारा पुन्हा जवळ आले.

फक्त एक गोष्ट निसटते: नाव. मोबाइलवरच्या दहा गटांतून फिरलेल्या फिल्मवर ना दिग्दर्शकाचे नाव उरते, ना गाणाऱ्या धवलेरीचे, ना गावाचे. म्हणून वाचकांना विनंती आहे. फाइल उतरवून पाठवू नका, मूळ चॅनेलची लिंक पाठवा. आणि फिल्म स्वतःची असेल तर शेवटच्या पाटीवर पाड्याचे नावही लिहा.