ऑर्कुटचा उदय आणि अस्त : समाजमाध्यमांच्या वाढीचा एक ऐतिहासिक विचार

एखाद्या व्यापारी संस्थेचा इतिहास लिहिताना तिच्या वाढीचे माप सामान्यतः भांडवल, उत्पादन आणि ग्राहकसंख्या यांवरून घेतले जाते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आलेल्या समाजमाध्यमांना हे माप जसेच्या तसे लावता येत नाही. गिरणीचे कापड घेणारा ग्राहक एकटा असला तरी त्याच्या अंगावरील वस्त्राची ऊब कमी होत नाही; समाजमाध्यमाच्या पहिल्या सभासदास मात्र त्या माध्यमाचा काहीच उपयोग नसतो. येथे जो माल ग्राहकास हवा असतो तो म्हणजे इतर सभासदांची उपस्थिती होय, आणि हा माल संस्थेने निर्माण केलेला नसतो. ज्या नात्यांच्या बळावर अशी संस्था वाढते, ती नाती तिच्या मालकीची नसतात. या एका विसंगतीतून तिच्या वाढीच्या बहुतेक अडचणी उद्भवतात. इ. स. २००४ ते २०१४ या काळातील ऑर्कुटच्या इतिहासात हा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत पाहावयास मिळतो.

ऑर्कुटपूर्वी अमेरिकेत असे दोन उल्लेखनीय प्रयोग झाले होते. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘सिक्सडिग्रीज’ हे संकेतस्थळ काळाच्या पुढे होते. लोकांच्या घरी इंटरनेट पुरेसे पोहोचलेलेच नसल्याने सभासदास तेथे आपली माणसे भेटत नसत. जोनाथन अब्राम्स यांच्या ‘फ्रेंडस्टर’ची अडचण याच्या नेमकी उलट होती. २००३ मध्ये काही महिन्यांतच त्याची सभासदसंख्या लाखांच्या घरात गेली, आणि तीच वाढ त्यास पेलवेनाशी झाली. प्रत्येक सभासदाचे मित्र, मित्रांचे मित्र अशी चार पायऱ्यांपर्यंतची साखळी जुळवून दाखविण्याचा भार सर्व्हरांना सोसेना, आणि एकेक पान उघडण्यास अर्धा मिनिट वा त्याहूनही अधिक वेळ लागू लागला. त्यातच गंमत म्हणून उघडलेली काल्पनिक व्यक्तींची खाती संस्थेने सरसकट काढून टाकली. डॅना बॉइड यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून दाखवून दिले की, सभासदांच्या दृष्टीने ही खाती म्हणजे आपल्या आवडीनिवडीच्या लोकांना भेटण्याची ठिकाणे होती. संस्थेच्या कल्पनेतील समाज आणि सभासदांनी प्रत्यक्षात घडविलेला समाज यांतील अंतर येथे प्रथमच ठळकपणे दिसून आले.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २००४ मध्ये गूगल कंपनीने ऑर्कुट सुरू केले. त्याचे कर्ते ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन हे मूळचे तुर्कस्तानचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘क्लब नेक्सस’ नावाचे असेच एक जाळे उभारले होते. ऑर्कुटमध्ये आरंभी केवळ विद्यमान सभासदाच्या आमंत्रणानेच प्रवेश मिळे. या नियमाचे दोन लाभ होते. वाढीचा वेग आटोक्यात राहून फ्रेंडस्टरची गत टळे, आणि येणारा प्रत्येक जण निदान एका ओळखीच्या माणसाजवळ येऊन पोहोचे. तथापि आमंत्रण कोणी कोणास द्यावे, हे संस्थेच्या हाती नव्हते. त्यामुळे वाढीची दिशाही तिच्या हातून निसटली.

याचा प्रत्यय लवकरच आला. २००४ च्या मध्यासच ऑर्कुटवर ब्राझीलच्या सभासदांची संख्या अमेरिकनांहून अधिक झाली. संकेतस्थळ इंग्रजीत आणि चर्चा पोर्तुगीज भाषेत, अशी स्थिती निर्माण होऊन इंग्रजी भाषकांनी तक्रारी सुरू केल्या. वस्तुतः कोणाही अमेरिकन सभासदास बाहेर काढण्यात आलेले नव्हते. परंतु त्याच्या ओळखीचे लोक ज्या प्रमाणात वाढावयास हवे होते, त्या प्रमाणात ते वाढले नाहीत. येथे एका प्रसिद्ध सिद्धान्ताची मर्यादा स्पष्ट होते. रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार जाळ्याचे मूल्य सभासदसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली यांनी २००६ मध्ये या नियमावर असा आक्षेप घेतला की, त्यात सर्वच संबंध सारख्या मोलाचे मानले आहेत, आणि तसे ते नसतात. साओ पाउलोतील दहा लक्ष सभासद पुण्यातील एकट्या सभासदाच्या काही कामाचे नसतात; त्याच्या वर्गातील दहा जण मात्र त्यास पुरेसे होतात.

भारतातील प्रसार याच रीतीने, म्हणजे वर्गावर्गाने आणि कंपूकंपूने झाला. घरोघरी संगणक नसण्याच्या त्या काळात महाविद्यालयाजवळचा सायबर कॅफे हेच ऑर्कुटचे प्रवेशद्वार होते. स्क्रॅपबुकात लिहिलेला मजकूर, मित्राविषयी लिहिलेली प्रशस्ती आणि शाळा, गाव, नट वा क्रिकेटपटू यांच्या नावे स्थापन झालेल्या कम्युनिटी, हे त्या व्यवहाराचे मुख्य प्रकार होत. ज्यांची गाठ शाळा सुटल्यावर पुन्हा पडली नसती, अशा अनेकांची गाठ तेथे पडली.

परंतु समाज जमला की त्याचे कलहही तेथे येतात. ऑक्टोबर २००६ मध्ये, ऑर्कुटवर भारताविरुद्ध द्वेषाचा प्रचार चालू दिल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गूगलवर नोटीस बजावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्यात सायबर कॅफेंची मोडतोड झाली. मजकूर लिहिणारा अज्ञात आणि तो साठविणारी कंपनी सातासमुद्रापार. त्यामुळे संतापाचा आघात, संगणक भाड्याने देणाऱ्या दुकानदारावर झाला. पुढील वर्षी अशाच प्रकरणात, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने चुकीची माहिती दिल्यामुळे बंगळूरच्या एका निरपराध तरुणास पुणे पोलिसांनी अटक केली व त्यास सुमारे ५० दिवस कोठडीत काढावे लागले. मध्यस्थ कंपन्यांच्या दायित्वाची मर्यादा अधिक स्पष्ट करणारी माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती त्यानंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली. सभासदसंख्येच्या वेगाने ना कायदा वाढला, ना तपासयंत्रणा. या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा कंपनीच्या वाढीशी काहीही संबंध नव्हता.

ऑगस्ट २००८ मध्ये ऑर्कुटचा सर्व कारभार ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथील कार्यालयाकडे सोपविण्यात आला. जेथे सभासद तेथे कारभार, हे धोरण वरवर पाहता उचित होते. तथापि त्यातून असेही सूचित झाले की, जगव्यापी म्हणून आरंभिलेले हे माध्यम आता प्रामुख्याने दोन देशांचे झाले आहे.

याच सुमारास फेसबुकने वेगळ्या मार्गाने मजल मारली होती. ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्डमध्ये सुरू झालेले हे माध्यम एकेका विद्यापीठातून पुढे सरकले आणि सप्टेंबर २००६ मध्येच सर्वांस खुले झाले. एक वर्तुळ पुरते भरल्यावाचून दुसऱ्यास हात घालावयाचा नाही, असा हा क्रम होता. वाढीचे काम पाहणारे चमथ पालिहापिटिया यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, नव्या सभासदास दहा दिवसांत सात मित्र मिळवून देणे हे त्यांच्या विभागाचे लक्ष्य होते. एकूण संख्येऐवजी प्रत्येकाभोवतीच्या वर्तुळाची दाटी हे माप धरणे, यातच या धोरणाचे मर्म आहे.

‘कॉमस्कोर’ या संस्थेच्या मोजणीनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुकला भेट देणारे २ कोटी ९ लक्ष, तर ऑर्कुटला भेट देणारे १ कोटी ९९ लक्ष होते. या मोजणीत सायबर कॅफेतील वापर धरलेला नसे, हे अभ्यासकाने ध्यानात घेतले पाहिजे; ऑर्कुटच्या बाबतीत ही उणीव लहान नाही. तरीही अधिक बोलका तपशील असा की, त्या महिन्यातही ऑर्कुटच्या भेटीदारांची संख्या आदल्या वर्षाहून सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेलीच होती. म्हणजे संख्या वाढत असतानाच माध्यम मागे पडत होते. ब्राझीलमध्ये हेच स्थित्यंतर २०११ च्या अखेरीस घडले.

ऑर्कुटच्या अस्ताचे खापर कंपनीच्या अनास्थेवर फोडण्याचा प्रघात आहे. गूगलने २०११ मध्ये ‘गूगल प्लस’ हे दुसरे माध्यम काढले, हे पाहता या मतात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. तथापि तेवढ्याने कारणमीमांसा पुरी होत नाही. ‘मायस्पेस’ २००५ मध्ये न्यूज कॉर्पोरेशनने ५८ कोटी डॉलरांस विकत घेतले. तेथे अनास्थेचा प्रश्न नव्हता, उलट त्यातून उत्पन्न काढण्याची उत्कंठाच होती. तरीही २०११ मध्ये ते सुमारे साडेतीन कोटी डॉलरांस विकावे लागले. दोन्हीकडे समान होती ती एकच गोष्ट. सभासद जसे घोळक्याने आले तसेच घोळक्याने गेले. मंडळीतील चार जण उठले की पाचव्यास बसण्याचे कारण उरत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये गूगलने आपल्या ई-मेलमधील ओळखींची यादी फेसबुकला घेऊ देण्यास हरकत घेतली. ही नाती कोणाची, हा वाद तेव्हा उघड झाला. पुढे फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले, यावरून विजेत्यासही आपले सभासद आपल्याजवळ टिकतील अशी खात्री नव्हती, असे अनुमान काढणे गैर ठरू नये.

३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. आपल्या लेखनाची नक्कल उतरवून घेण्यास सभासदांना २०१६ पर्यंत मुदत देण्यात आली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांचे लेखन त्यांच्या हातून गेले. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून एखाद्या कारकुनाच्या किरकोळ पत्रावरून तत्कालीन समाजस्थितीचा शोध घेणाऱ्या इतिहासाभ्यासकास या घटनेचे गांभीर्य सांगावयास नको. ऑर्कुटवर जुळलेल्या ओळखी दुसरीकडे चालू राहिल्या; परंतु एका पिढीने परस्परांस काय लिहिले, हे सांगणारे साधन पुष्कळ अंशी नष्ट झाले. सभासदांची नाती कंपनीच्या मालकीची नव्हती. त्या नात्यांचा कागद मात्र तिच्याच ताब्यात होता.