अठ्ठावन्नपर्यंत थांबणे परवडते कोणाला?

वस्तीत कागदपत्रांच्या मदतीला बसलो की एक प्रश्न हमखास येतो : "दादा, पेन्शन आत्ताच सुरू करू, की अठ्ठावन्न पुरे होईपर्यंत थांबू?" विचारणारे बहुतेक कंत्राटी सफाई कामगार, वॉचमन, कारखान्यातले हेल्पर. आम्ही हिशेब मांडून देतो. पण या हिशेबाला एक इतिहास आहे, तोही सांगायला हवा.

7 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसोबत मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, 1944 मध्ये, मजुरांची कमाई, घरे आणि राहणी तपासण्यासाठी रेगे समिती नेमली गेली. कामगार कसा जगतो हे आधी मोजा, मग धोरण ठरवा, ही ती दृष्टी होती. संविधानाच्या कलम 41 मध्ये म्हातारपणी साहाय्य आले, कलम 43 मध्ये निर्वाह वेतन आले. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कलम 37 मुळे त्यांच्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही.

1952 साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, 1971 मध्ये कुटुंब पेन्शन आणि 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी पेन्शन योजना. तिचे सूत्र साधे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगाराची मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये. चौदा वर्षे सेवा असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी 3,000 रुपये मिळतात. काम सुटले म्हणून पंचावन्नाव्या वर्षी उचलली, तर वर्षाला 4 टक्के कपात होऊन सुमारे 2,650, तेही जन्मभर. साठपर्यंत थांबले तर सुमारे 3,240. पण त्या दोन वर्षांत 72,000 रुपये सोडावे लागतात. महिन्याला 240 जास्त मिळून ते भरून यायला 25 वर्षे, म्हणजे वयाची पंच्याऐंशी!

या पेन्शनला महागाई भत्ता नाही. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याची महागाई सवलत जानेवारी आणि जुलैपासून वाढते. आमच्या माणसाची रक्कम मात्र गोठलेली. सप्टेंबर 2014 मध्ये ठरलेली किमान 1,000 रुपयांची पेन्शन दहा वर्षांनंतरही 1,000 च होती. या काळात गॅस, औषधे, घरभाडे थांबले होते काय?

त्याहून मोठी लूट आधीच होते. पेन्शनला दहा वर्षे सेवा लागते. कंत्राटदार बदलला की कामगार पोरांच्या फीसाठी पेन्शनचे पैसे काढतो आणि मागची सेवा पुसली जाते. मग लोक म्हणतात, "यांना बचत कळत नाही." कळते हो! ज्याच्या घरात दोन महिन्यांचे धान्य आहे, तोच थांबू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन आणि संपत्ती नाकारली, त्यांच्या हाती 'निवड' कुठून येणार?

म्हणून आमचे सांगणे दोन्हीकडे आहे. कामगारांनो, दहा वर्षांच्या आत नोकरी बदलली तर शक्यतो पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या म्हणजे सेवा जोडली जाईल. आणि सरकारने या पेन्शनला महागाई निर्देशांक जोडावा. म्हातारपण ही भीक मागण्याची वेळ नाही, कलम 41 हेच सांगते.

जय भीम!